राहत्या घराची घरपट्टी: मापाने की मुक्कामाने?

2017 च्या मुंबई महापालिका निवडणुकीत 500 चौरस फुटांपर्यंतच्या घरांना करमाफीचं आश्वासन मिळालं. तेव्हापासून कल्याण-डोंबिवलीत एकच सवाल ऐकू येतो: मुंबईला मिळतं, मग आम्हाला का नाही? मधल्या वर्षांचा मागोवा घेतला तर मापावर अडलेला हा सवालच तोकडा वाटतो. मुंबईत 2019 मध्ये अशा घरांच्या घरपट्टीतला फक्त सर्वसाधारण कर गेला. मलनिस्सारण, शिक्षण, पथकर तसेच राहिले आणि देयकं हाती पडल्यावर ओरड झाली. पूर्ण माफीची घोषणा व्हायला जानेवारी 2022 उजाडला. या माफीला अर्ज लागत नाही, हा तिचा मोठा गुण. पण पालिकेच्या दप्तराला घराचं माप कळतं, घरात राहतं कोण ते कळत नाही. चार वन रूम किचन भाड्याने लावणारा मालकही माफीत अलगद बसतो.

पुण्याने नेमकं उलट केलं होतं. 1970 पासून तिथे मालक स्वतः राहत असलेल्या घराला करपात्र मूल्यात 40 टक्के सवलत होती. लेखापरीक्षणात आक्षेप निघाले, राज्य सरकारने सवलत थांबवली, वाढीव देयकं गेली आणि 2023 मध्ये ती पुन्हा सुरू झाली. मात्र ज्यांची सवलत काढली गेली होती आणि ज्यांच्या घरांची 1 एप्रिल 2019 नंतर नव्याने आकारणी झाली, त्यांना पीटी-3 अर्ज भरावा लागला: 25 रुपये शुल्क, सोसायटीचं पत्र, मतदार ओळखपत्र किंवा तत्सम पुरावा, शिवाय मुदत. तत्त्व चोख होतं, पण आपण आपल्याच घरात राहतो हे शाबीत करायचं ओझं रहिवाशावर आलं. सोसायटीची नोंदणीच रखडलेल्या इमारतीने पत्र आणायचं कुठून?

कल्याणला काही घ्यायचं असेल तर पुण्याचं तत्त्व आणि मुंबईची बिनअर्जाची पद्धत घ्यावी. इथे लहान घरांचाच भरणा आहे. क्षेत्रफळाची रेघ ओढली तर शहराचा मोठा भाग तिच्या आत येईल. जकात गेली, 2015 मध्ये एलबीटीही (स्थानिक संस्था कर) बहुतेक व्यापाऱ्यांसाठी संपला. अशा पालिकेच्या स्वतःच्या उत्पन्नाची मोठी भिस्त घरपट्टीवर. माफीने तिजोरीला खड्डा पडेल हा आक्षेप म्हणूनच खरा आहे, पण तो सरसकट माफीला लागू पडतो. एका कुटुंबाला एकाच राहत्या घरापुरती अंशतः सवलत दिली तर खड्डा बराच लहान पडतो. एकाच घराचं हे बंधन नवं नाही. माजी सैनिकांच्या करमाफीत ते आहेच. दुसरा आक्षेप लबाडीचा: भाड्याने दिलेलं घरही लोक राहतं म्हणून दाखवतील. काही जण दाखवतीलच. मात्र भाडेकरार नोंदवणं 1999 च्या भाडे नियंत्रण कायद्याने सक्तीचं आहे आणि त्या नोंदी सरकारच्याच नोंदणी व मुद्रांक विभागाकडे असतात. पालिकेने दरवर्षी देयकं छापण्याआधी त्या आपल्या मालमत्ता क्रमांकांशी ताडून पाहाव्यात, करार सापडेल तिथे सवलत रोखावी, आणि अर्ज मागायचाच तर फक्त त्या मालकाकडून मागावा.