चिनी प्रेमनाट्याची ओळख

चिनी दूरचित्रवाणीवरील प्रेममालिका प्रथमच पाहणारास फार संथ वाटतात. २०१७ सालच्या ‘इटर्नल लव्ह’ या तीन जन्मांच्या कथेचे भाग ५८ आहेत! या विस्ताराचें कारण जुन्या रंगभूमीकडे पाहिल्यास उमगतें. तांग श्यान्झू याच्या १५९८ सालच्या ‘मुदान थिंग’ नाटकाचे प्रवेश ५५ आहेत. त्याची नायिका स्वप्नांत पाहिलेल्या तरुणासाठीं झुरून मरते व तीन वर्षांनीं पुन्हां जिवंत होते. तरी कथा संपत नाहीं. पिता विवाह मानीत नाहीं आणि प्रकरण बादशहापर्यंत जातें. ‘इटर्नल लव्ह’मध्येंही नायकाचा आजा, स्वर्गाधिपति, आडवा येतो. मृत्यूला जिंकणें सोपें, परंतु वडिलांची संमति मिळविणें कठीण, हेंच या कथांचें मर्म आम्हांस वाटतें. विद्यार्थ्यांनीं तें ध्यानीं धरून त्या पाहाव्या, म्हणजे संथपणाचा अर्थ आपोआप उकलेल.