स्मार्टफोनवरील ई-मेल व कॅलेंडर : चिकित्सालयातील व्यवस्था आणि तिचे दोष

वसंत ऋतूत आमच्या चिकित्सालयात वासंतिक वमनासाठी रुग्णांची वर्दळ असते. अशाच एका चैत्रात एका भगिनींचे पाच दिवसांचे स्नेहपान पूर्ण झाले, सम्यक् स्निग्ध लक्षणे दिसली, मधल्या दिवशी अभ्यंग-स्वेदन व दूध, दही, उडीद असा कफोत्क्लेशकर आहारही झाला आणि ठरलेल्या दिवशी सकाळी साडेसहाला त्या दारात येऊन उभ्या राहिल्या. आम्ही त्या वेळी परगावच्या एका सभेसाठी निघून बरेच अंतर पुढे गेलो होतो. आमच्या फोनच्या कॅलेंडरमध्ये तो दिवस कोरा होता.

सहायक वैद्यांनी नोंद केलेली होती आणि त्यांच्या फोनवर ती स्वच्छ दिसतही होती. एकटीने वमन देण्यास त्यांनी नकार दिला, तो योग्यच होता. आम्ही परत पोहोचेपर्यंत कफाचा काल उलटून गेला. रुग्णा मळमळ व जडपणा घेऊन घरी गेल्या. दुसऱ्या दिवशी वमन झाले, परंतु वेग चारच आले, म्हणजे अवर शुद्धी. त्यास केवळ एका दिवसाचा विलंब कारण झाला असे छातीठोकपणे म्हणता येणार नाही; झाला नाही असेही म्हणवत नाही.

दोषाचे मूळ शोधता असे आढळले की, नवीन नोंद करताना तिच्या खाली ती कोणत्या खात्यात साठवली जाणार हे सांगणारी एक लहानशी ओळ असते. सहायक वैद्यांच्या फोनमध्ये तेथे चिकित्सालयाच्या खात्याऐवजी 'फोन' असे निवडलेले होते. फोनपुरत्या ठेवलेल्या कॅलेंडरातील नोंद त्या यंत्राबाहेर जात नाही. ती दुसऱ्यास दिसत नाही आणि फोन हरवला अथवा पाण्यात पडला की त्याबरोबर तीही जाते. आपल्यापैकी अनेकांच्या फोनमध्ये आजही हीच स्थिती असावी, म्हणून हा लेखनप्रपंच.

आम्ही नंतर जी व्यवस्था लावली ती थोडक्यात अशी. चिकित्सालयाच्या नावाचे एक स्वतंत्र खाते उघडले. कोणाही वैद्याचे खाजगी खाते या कामी वापरले नाही. संगणकावर त्या खात्यात 'पंचकर्म' नावाचे कॅलेंडर तयार केले आणि ते प्रत्येक सहायकाच्या स्वतःच्या खात्याशी सामायिक करून नोंदी बदलण्याची अनुमती दिली. सर्वांना एकच पासवर्ड वाटून टाकणे सोपे वाटते, परंतु एखादी परिचारिका काम सोडून गेली की तो सर्वांच्या फोनमध्ये बदलावा लागतो. सामायिक केलेले कॅलेंडर फोनमध्ये आपोआप दिसेलच असे नाही. ॲपच्या यादीत त्याच्यापुढील खूण व सेटिंग्जमधील सिंक ही दोन्ही चालू असावी लागतात. आयफोन वापरणाऱ्यांनी फोनच्या मूळ कॅलेंडरशी झुंजत बसण्यापेक्षा गूगलचे कॅलेंडर ॲप घ्यावे, असे आमचे मत आहे. स्वागतकक्षात आलेखवही अजूनही आहे आणि ती राहणार आहे.

नोंदी करताना एक गोष्ट ध्यानात आली. योगबस्तीचे आठ दिवस 'दररोज, आठ वेळा' अशा एकाच पुनरावर्ती नोंदीने लावता येतात, मात्र कोणत्या दिवशी अनुवासन व कोणत्या दिवशी निरूह हे त्यात कळत नाही. एकदा काढ्याची तयारी नसताना निरूहाचा दिवस उजाडला, तेव्हापासून आम्ही आठही नोंदी वेगवेगळ्या करतो. याउलट औषधी दुकानाची जीएसटी विवरणपत्रे, ज्यांना ती दरमहा भरावी लागतात त्यांनी, ११ व २० तारखेच्या तीन दिवस आधीचे स्मरण लावून पुनरावर्ती नोंदीवर निर्धास्त सोपवावीत.

कॅलेंडर बिघडले असे वाटल्यास प्रथम व्यवच्छेदक निदान करावे. तीच नोंद संगणकावर त्या खात्यात उघडून पाहावी. संगणकावर दिसते व फोनवर दिसत नाही, तर दोष फोनचा. संगणकावरही दिसत नाही, तर नोंद तेथवर पोहोचलेलीच नाही; ज्याने ती केली त्याचा फोन तपासावा. अनेक अँड्रॉइड फोन बॅटरी वाचविण्यासाठी पडद्याआड चालणारी ॲप्स बंद करतात. त्यामुळे ॲप उघडले की सर्व नोंदी व मेल एकदम येतात आणि बंद केले की शांतता! अशा वेळी मेल व कॅलेंडर या ॲप्सपुरते बॅटरीचे निर्बंध काढून टाकावेत. सर्व नोंदी साडेपाच तासांनी सरकल्या असतील तर फोनचा कालविभाग ग्रिनिचचा राहिला आहे असे समजावे व तो स्वयंचलित करावा.

परदेशस्थ रुग्णांविषयी येथेच सांगून ठेवतो. शिकागोतील रुग्णाशी आपण सायंकाळी साडेसातला बोलतो तेव्हा हिवाळ्यात तेथे सकाळचे आठ वाजलेले असतात. मार्चच्या दुसऱ्या रविवारी तेथील घड्याळे पुढे जातात व तेथे नऊ वाजतात; नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी ती पूर्ववत होतात. नोंद भारतीय वेळेत केली असल्यास बदल त्यांच्याकडे होतो, तेथील वेळेत केली असल्यास आपल्याकडे. हे रुग्णास आधीच सांगावे.

आता ई-मेल. आमच्या परिचयातील एका औषध विक्रेत्यांच्या फोनवर येणाऱ्या मागण्यांपैकी निम्म्या दिसतच नसत. दुकानातील जुना संगणक पॉप पद्धतीने मेल उतरवून घेई आणि मूळ सर्व्हरवरून पुसून टाकी. फोनच्या वाट्याला उरलेसुरले येई. एका यंत्राच्या काळात ही पद्धत ठीक होती. दोन यंत्रे असतील तर दोन्हींवर आयमॅप पद्धतच निवडावी, म्हणजे पत्र सर्व्हरवर राहते व वाचल्याची खूणही दोन्हीकडे दिसते. दुकानाच्या स्वतःच्या नावाचा पत्ता असल्यास येणाऱ्या मेलसाठी सामान्यतः पोर्ट ९९३ व जाणाऱ्या मेलसाठी ५८७ अथवा ४६५ असतो. वापरकर्त्याच्या जागी पूर्ण पत्ता लिहावा. मेल येतात पण जात नाहीत, हे लक्षण दिसल्यास जाणाऱ्या सर्व्हरसाठी पासवर्ड देण्याची खूण राहून गेलेली असते, हा आमचा वारंवार आलेला अनुभव आहे.

पासवर्ड बरोबर असूनही तो नाकारला जातो, ही तक्रारही बहुतेक सभासदांनी केली आहे. गूगलने व्यक्तिगत खात्यांसाठी ३० मे २०२२ पासून, तर मायक्रोसॉफ्टने कार्यालयीन मेलसाठी ऑक्टोबर २०२२ पासून, जुन्या ॲप्सना केवळ पासवर्डवर प्रवेश देणे बंद करण्यास आरंभ केला. त्यामुळे जुन्या ॲपशी हट्ट न करता कंपनीचे अद्ययावत ॲप घ्यावे. गूगलमध्ये द्विस्तरीय पडताळणी चालू करून सोळा अक्षरी ॲप पासवर्ड मिळविण्याचा मार्गही आहे.

मेल येणे अकस्मात थांबल्यास साठा पाहावा. गूगलचे विनामूल्य १५ जीबी हे मेल, ड्राइव्ह व छायाचित्रे या सर्वांत मिळून असतात, आणि १ जून २०२१ पासून नव्याने चढवलेली सर्व छायाचित्रे त्यात मोजली जातात. त्वचारोगांच्या रुग्णांची छायाचित्रे आम्ही त्याच खात्यात ठेवीत होतो. साठा भरला आणि आलेली पत्रे पाठविणाऱ्यांकडे परत जाऊ लागली.

खाते काढून पुन्हा घालणे हा सर्वांचा आवडता उपाय आहे. तो शोधनासारखा आहे. पूर्वकर्माशिवाय करू नये. न गेलेली पत्रे, सिंक न झालेल्या नोंदी आणि पॉपने फोनवर उतरवून सर्व्हरवरून पुसली गेलेली पत्रे यांपैकी काहीही परत मिळत नाही. आधी ती तपासावीत.

रुग्णाच्या घरचे वृत्त बाहेर सांगू नये असे चरकाचार्यांनी विमानस्थानात शिष्यास बजावले आहे. आमच्या कॅलेंडरात मात्र रुग्णाचे नाव, व्याधी व बस्तीचे द्रव्य असे सारे लिहिलेले असे, आणि स्मरणाची घंटा वाजली की फोनच्या बंद पडद्यावर ते कोणासही वाचता येई. एका रुग्णाच्या नातलगाने ते वाचले तेव्हा आम्हांस उमगले. हल्ली नोंदीत केवळ रुग्णपत्रिकेचा क्रमांक व कर्माचे नाव असते, बंद पडद्यावरील मजकूर लपविलेला असतो आणि औषधी दुकानातील मंडळींस आमची वेळ फक्त 'व्यस्त' एवढीच दिसते.

नवीन फोन घेतला की आम्ही एकच परीक्षा करतो. सहायकाच्या फोनवरून दहा मिनिटांनंतरची एक नोंद करावयाची, आपला फोन खिशात ठेवावयाचा, आणि घंटा वाजते का ते पाहावयाचे. गेल्या वसंतात त्या भगिनी पुन्हा वमनासाठी आल्या. त्यांची नोंद आम्ही स्वतः केली, संगणकावर पाहिली आणि आदल्या सायंकाळी त्यांना दूरध्वनीही केला.