‘स्माइल प्लीज’ म्हटल्यावर नेमकं काय मिळतं?

चेहऱ्यावरच्या भावांवर पीएचडी करायची म्हटलं की पहिला बेत बहुतेकांचा सारखाच असतो. पन्नासेक जणांना समोर बसवायचं, हसायला सांगायचं, पोर्ट्रेट काढायची आणि फोल्डरला नाव द्यायचं ‘आनंद’. पण त्या फोल्डरमध्ये आनंदच आहे, हे कशावरून? गाईडने नाही विचारलं तरी व्हायवाला परीक्षक विचारतीलच.

प्रश्न जुना आहे. द्युशेन या फ्रेंच डॉक्टरने एका वृद्धाच्या चेहऱ्यावरचे स्नायू विजेच्या प्रवाहाने आकुंचित करून त्याचे फोटो काढले आणि १८६२ साली ते पुस्तकात छापले. त्यातून हसण्यातले दोन स्नायू वेगळे दिसले. गालातला झायगोमॅटिक मेजर ओठांची टोकं वर ओढतो. तो आपलं ऐकतो. डोळ्याभोवतीचा ऑर्बिक्युलॅरिस ऑक्युलाय गाल उचलतो, डोळ्याच्या कडेला सुरकुत्या पाडतो. तो मनातून हसू आल्याशिवाय हलत नाही, असं द्युशेनचं मत होतं.

पुढचं पाऊल डार्विनचं. १८७२च्या पुस्तकात तो सांगतो, की त्याने याच वृद्धाचे दोन फोटो लोकांना दाखवले. खरं हसू सगळ्यांनी लगेच ओळखलं. विजेने आणलेलं हसू २४ जणांनी पाहिलं. तिघांना काहीच कळलं नाही, बाकीच्यांना हसण्यासारखं वाटलं, पण आनंदाचं नाही. म्हणजे ‘नैसर्गिक’ हा शिक्का डार्विनने स्वतः मारला नाही, बघणाऱ्यांना विचारला. संशोधनाच्या भाषेत सांगायचं तर लेबल तपासून घेतलं.

मग डोळ्यांच्या सुरकुत्या मोजल्या की झालं? तेवढं सोपं नाही. पुढच्या प्रयोगांत दिसलं, की बऱ्याच जणांना डोळ्यांचं हसूही मुद्दाम आणता येतं. शिवाय ओठ जोरात ताणले तरी गाल वर जातातच. हसू किती वेगाने उमटलं आणि कसं ओसरलं, यातूनही फरक कळतो, पण एकाच फोटोत तो वेळ पकडता येत नाही.

म्हणून डेटा गोळा करण्याआधी तीन गोष्टी ठरवा. एक, हसायला सांगू नका. हसू येईल असं काही दाखवा किंवा गप्पा मारा, आणि कॅमेरा सलग चालू ठेवा. दोन, त्या क्षणी काय वाटलं ते त्याच व्यक्तीला लगेच विचारून नोंदवा. तीन, ज्यांना तुमचं गृहीतक माहीत नाही अशांना फोटो दाखवा, आणि पर्याय न देता त्यांच्याच शब्दांत उत्तर घ्या.

हे करायला वेळ नसेल, तर निदान फोल्डरचं नाव बदला. ‘आनंद’ऐवजी ‘सांगून आणलेलं हसू’ लिहा. त्यावरही चांगला थिसिस होतो, आणि त्यातला प्रत्येक निष्कर्ष व्हायवाला टिकतो.