नॉयझीडल सरोवराची सायकल-प्रदक्षिणा

ऑस्ट्रिया आणि हंगेरी यांच्या सीमेवर पसरलेल्या नॉयझीडल सरोवराभोवती सायकलने फिरायला जाणाऱ्याची पहिली तक्रार बहुधा हीच असते: सरोवर दिसतच नाही. नकाशात वाट पाण्याला बिलगून जाते. प्रत्यक्षात मात्र एका हाताला द्राक्षमळे आणि दुसऱ्या हाताला माणसाच्या डोक्यावरून जाणारे बोरूचे रान. तास-तास पाण्याचा पत्ता नाही. असे का, हे एकदा कळले की फेरी कुठल्या दिशेने घालावी, बोट कुठे पकडावी, कुठे रेंगाळावे, हे सगळेच उलगडत जाते. म्हणून सायकलच्या आधी पाण्याबद्दल.

सरोवर दक्षिणोत्तर सुमारे ३६ किलोमीटर लांब आहे आणि बोरूच्या पट्ट्यासकट त्याचे क्षेत्रफळ ३२० चौरस किलोमीटरच्या आसपास भरते. एवढ्या पसाऱ्याला खोली मात्र कुठेच दोन मीटरसुद्धा नाही. त्यातून आपणहून बाहेर पडणारी एकही नदी नाही. पाणी येते ते मुख्यतः पावसाचे, आणि जाते ते मुख्यतः वाफ होऊन. पावसाने ओळीने काही वर्षे पाठ फिरवली की हिशेब कोलमडतो. १८६५ नंतरच्या काही वर्षांत हे सरोवर पार आटले होते. पुढे हंगेरीच्या बाजूने कालवा खोदला गेला. आज दोन्ही देश मिळून त्या कालव्याच्या दारांनी पातळी सांभाळतात, पण दारे जादा पाणी सोडू शकतात, नसलेले आणू शकत नाहीत. २०२२च्या कोरड्या उन्हाळ्यात पातळी विक्रमी खाली गेली, ती त्यामुळेच.

पाणी उथळ, म्हणून बोरू. सरोवराच्या निम्म्याहून अधिक भागावर त्याचेच राज्य आहे आणि काही ठिकाणी हा पट्टा काही किलोमीटर रुंद होतो. हंगेरीच्या वाट्याचा भाग तर बहुतेक बोरूनेच भरलेला आहे. सायकलची वाट या पट्ट्याच्या बाहेरून, पक्क्या जमिनीवरून जाते. मग पाणी दिसणार कसे? पण हाच पट्टा मोठ्या पांढऱ्या बगळ्यांचे, जांभळ्या बगळ्यांचे आणि चमच्यांचे घरटी करण्याचे ठिकाण आहे. हिवाळ्यात काड्या वाळल्या की बोरूची कापणी होते, पेंढ्या उभ्या रचून ठेवतात आणि त्या घरे शाकारायला जातात. हिवाळा सरताना आलात तर वाटेच्या कडेला त्यांच्या राशी दिसतील.

आता वारा. इथे तो बहुतेक वेळा वायव्येकडून येतो आणि चांगलाच जोरात येतो. उथळ पाण्याचा तळ ढवळून निघतो, म्हणून उघडे पाणी राखाडी, गढूळ दिसते. ही घाण नव्हे, वाऱ्याने उठवलेला बारीक गाळ आहे. जोराचा वारा बराच वेळ टिकला तर पाणी दक्षिणेकडे ढकलले जाते आणि सरोवराच्या दोन टोकांच्या पातळीत डोळ्यांना दिसेल इतका फरक पडतो. पूर्व किनाऱ्यावर तर लाटांचा आणि हिवाळ्यात बर्फाचा मार थेट बसतो. तिथल्या पोडर्सडॉर्फ गावासमोर बोरूला मूळ धरता आलेले नाही. किनाऱ्यावरच्या गावांपैकी थेट उघड्या पाण्याला भिडलेले गाव हेच. सरोवर डोळे भरून पाहायचे असेल तर तिथल्या दीपस्तंभापाशी थांबा.

दिशेचा निर्णय या वाऱ्यावरूनच करावा. नॉयझीडल गाव उत्तर टोकाला आहे, व्हिएन्नाहून रेल्वेने तासाभराच्या आत तिथे पोचता येते. तिथून प्रदक्षिणेच्या दिशेने, म्हणजे सरोवर उजव्या हाताला ठेवून निघावे. पूर्वेकडचा माळ सताड उघडा आहे, आडोशाला ना झाड ना टेकडी. तो वारा पाठीवर घेऊन कापलेला बरा. परत उत्तरेकडे येताना वारा तोंडावर येतो हे खरे, पण पश्चिम किनाऱ्यालगत लाइथा डोंगराची रांग आणि गावांची घरे थोडीफार आड येतात. उलट दिशेने जाणारेही पुष्कळ आहेत. त्यांच्याशी वाद नाही, पण पूर्वेच्या माळावर वारा छातीवर घेतल्यावर पक्ष्यांकडे बघायला जीव उरत नाही.

पूर्ण फेरी सुमारे १२५ किलोमीटरची आहे आणि त्यातला तीसेक टक्के भाग हंगेरीत येतो. ‘बी १०’ अशा पाट्या लावलेला हा मार्ग बहुतांशी सपाट आणि डांबरी आहे. अधूनमधून खडीची वाट लागते. रेसिंगच्या अरुंद टायरपेक्षा जरा रुंद टायर आणि मागे कॅरिअर असलेली साधी टूरिंग सायकल इथे उत्तम. ती भाड्यानेही मिळते. सवय असलेला माणूस एका दिवसात फेरी पुरी करील, पण तसे करू नये. दोन मुक्काम तरी ठेवावेत आणि त्यातला एक इल्मिट्सला.

कारण या सगळ्या प्रदक्षिणेचा गाभा पोडर्सडॉर्फ, इल्मिट्स आणि आपेटलॉन या तीन गावांच्या मधल्या पट्ट्यात आहे. झेविंकल म्हणतात त्या या सखल माळावर खारट पाण्याची लहान-लहान तळी विखुरलेली आहेत. एकेकाळी ती शंभराहून अधिक होती, आज चाळीसच्या आसपास उरली आहेत. त्यांचे काम मोठे नाजूक आहे. जमिनीखाली क्षार आहेत. भूजल वर असले की ते क्षार मातीतून वर चढत तळ्यापर्यंत येतात. उन्हाळ्यात पाणी आटते आणि सोड्याचा पांढरा थर मागे उरतो. पूर्वी लोक हा थर झाडून गोळा करीत आणि साबणासाठी वापरीत. क्षारामुळे तळाची माती घट्ट राहते, पाणी मुरत नाही, आणि बोरूसारख्या वनस्पतींना शिरकाव मिळत नाही. पण चर खणून जमीन कोरडी केली, विहिरींनी भूजल उपसले, की क्षार वर यायचे थांबतात. मग तळाला पाणी धरवत नाही, गवत आत शिरते आणि तळे मरते. तळे आटण्याची भीती नाही, आटणे हा त्याचा धर्मच आहे. भीती आहे ती खालचे पाणी तुटण्याची.

मे महिन्यात अशा एखाद्या तळ्याकाठच्या निरीक्षण मनोऱ्यावर बसून पाहावे. घोट्याएवढ्या पाण्यात अव्होसेट पक्षी चालत असतो. काळा-पांढरा, निळसर पायांचा, टोकाशी वर वळलेली बारीक चोच. ती चोच तो खुपसत नाही, डावीकडून उजवीकडे, उजवीकडून डावीकडे पाण्यातून फिरवत जातो आणि हाती लागलेले बारीक जीव टिपतो. खाऱ्या पाण्यात मासे नाहीत, पण हे जीव अमाप आहेत. त्यांच्यावरच इथले चिखलपक्षी जगतात. जवळच्या कुरणांत करड्या रंगाची लांब शिंगांची गुरे चरताना दिसतात, इल्मिट्सजवळ पांढरी गाढवेही आहेत. ही जनावरे शोभेला ठेवलेली नाहीत. ती चरली नाहीत तर बोरू कुरणात सरकतो आणि आखूड गवतात अंडी घालणाऱ्या पक्ष्यांची जागा जाते. १९९३ साली ऑस्ट्रियाने इथे राष्ट्रीय उद्यान केले तेव्हापासून चराई हा व्यवस्थापनाचाच भाग आहे. इथे ‘बी २०’ हा तळ्यांचा वेगळा मार्गही आहे. वेळ कमी असेल तर मोठी फेरी सोडा, पण हा मार्ग सोडू नका.

इथून पूर्वेला हानझाग नावाच्या सखल प्रदेशात ग्रेट बस्टर्ड राहतो. आपल्या माळढोकाचा हा युरोपीय भाऊबंद, आणि दोघांचा शत्रूही एकच: विजेच्या तारा. जड अंगाचा हा पक्षी उडताना तारेवर आदळतो. ऑस्ट्रियाने या भागातल्या काही तारा जमिनीखाली घातल्या. नान्नज आणि जैसलमेरच्या माळढोकांच्या बातम्या वाचणाऱ्याने हे ध्यानात ठेवावे.

पामहागेनपाशी वाट हंगेरीत शिरते. शारोद, फेर्त्योद, बाल्फ अशी गावे मागे पडत जातात. फेर्त्योदला एस्टरहाझी घराण्याचा राजवाडा आहे, संगीतकार हायडन तिथे अनेक वर्षे चाकरीला होता. फेर्त्योराकोशकडे जाताना पूर्ण फेरीतले जाणवण्याजोगे चढ लागतात, तेवढ्यासाठी गिअर हवेत. आज सीमा ओलांडताना पायडल थांबवायचीही गरज सहसा पडत नाही. याच पट्ट्यात १९ ऑगस्ट १९८९ला सोप्रोनजवळ भरलेल्या सहलीच्या निमित्ताने सीमेचे फाटक उघडले आणि सहाशेहून अधिक पूर्व जर्मन नागरिक ऑस्ट्रियात निघून गेले. बर्लिनची भिंत त्यानंतर तीन महिन्यांच्या आत पडली. आज सीमा अशी खुली असली तरी पासपोर्ट जवळ असू द्या, तपासणी अधूनमधून होते.

मोर्बिशला पुन्हा ऑस्ट्रिया लागते. पुढच्या रुस्ट गावात धुराड्यांवर करकोच्यांची घरटी आहेत. शरद ऋतूत सरोवरावरून येणाऱ्या धुक्याने इथल्या द्राक्षांवर एक बुरशी चढते, द्राक्षे सुकत सुकत गोड होतात, आणि त्यापासून केलेली गोड वाइन या गावाची कीर्ती आहे. पुर्बाख, ब्राइटेनब्रुन या गावांमधून चेरीच्या झाडांचा मार्ग जातो. एप्रिलच्या सुमारास तो फुललेला असतो.

थकल्यास सुटकेच्या वाटा आहेत. पूर्वेला नॉयझीडल ते पामहागेन रेल्वे आहे, पश्चिमेलाही पुर्बाखवरून गाडी जाते. उन्हाळ्याचे भर महिने टाळा: सावली नाही, डास आहेत. एप्रिल-मे किंवा सप्टेंबर-ऑक्टोबर बरा. दुर्बीण घ्या आणि आखलेल्या वाटेवरून खाली उतरू नका. जमिनीवरची घरटी चाकाखाली येईपर्यंत दिसत नाहीत.

राहिली बोट. इल्मिट्स ते मोर्बिश सायकली घेऊन जाणारी बोट हंगामात चालते आणि फेरीचे उत्तर-दक्षिण असे दोन भाग करून देते. बोरूतून कापलेल्या अरुंद पाणवाटेने ती बाहेर पडते आणि मग एकदम चहूकडे पाणी पसरते. वारा जोरात असला किंवा पाणी कमी असले तर ती सुटतेच असे नाही. म्हणून आदल्या संध्याकाळी धक्क्यावर चौकशी करा आणि शेवटच्या बोटीची वेळ लिहून ठेवा. ती चुकली तर मोर्बिशला पोचायला दक्षिणेचा सगळा वळसा उरतो.