संकल्पाचे दास्य

प्रॉटेस्टंट ईश्वरविद्येचे ग्रंथ श्रद्धावंतांनीच वाचावेत असे मानणारा एक पक्ष आहे, आणि त्यांत जर्मन संस्थानिकांच्या राजकारणापलीकडे काही नाही असा फैसला ते न उघडताच देणारा दुसरा. गेली चाळीस वर्षे या दोहोंशी माझी तकरार चालू आहे. ज्याने बाप्तिस्मा घेतलेला नाही व जो घेणारही नाही, अशा वाचकाने येथे साक्षीपुराव्याची छाननी करण्यास बसू नये. ग्रंथकर्त्याची झोप कोणत्या प्रश्नाने उडविली, एवढे प्रथम विचारावे. ल्यूथरचा प्रश्न ईश्वर आहे की नाही हा नव्हता. न्यायी ईश्वरापुढे मनुष्याने उभे राहायचे ते कशाच्या बळावर, हा होता. पहिल्या प्रश्नाचे उत्तर मागण्यास त्याच्याकडे गेलेला संशयवादी भलत्याच कचेरीत अर्ज घेऊन उभा असतो.

ल्यूथरची १५१७ ची पंचाण्णव कलमे सर्वांस ठाऊक आहेत. माझे मन गुंतले ते त्यानंतर सातआठ वर्षांनी जुंपलेल्या वादात. बाझेलमध्ये राहणाऱ्या इरॅस्मसने १५२४ साली मनुष्याच्या संकल्पस्वातंत्र्याचा कैवार घेणारे एक संयमी, मृदू पुस्तक लिहिले. ल्यूथरने, शेतकऱ्यांचे बंड आणि स्वतःचा विवाह या दोन्ही घटना मध्ये घडून गेल्यावर, १५२५ च्या अखेरीस ‘संकल्पाचे दास्य’ लिहून त्याला उत्तर दिले. प्रतिपक्ष्याने पोपची सत्ता किंवा पापक्षमापत्रे असल्या किरकोळ बाबी सोडून थेट नरड्यालाच हात घातला, याबद्दल त्याने त्याची मोकळ्या मनाने प्रशंसा केली आणि मग त्याच्या एकेका दाखल्याचा निष्ठुरपणे समाचार घेतला. इरॅस्मसच्या पुस्तकात एक अजून धड चालता न येणारे मूल आहे: समोर सफरचंद दिसते, बाप त्याला उचलून उभे करतो, हात धरून नेतो, आणि मुलाच्या वाट्याला येते ते केवळ आपले इवलेसे पाऊल. ल्यूथरच्या पुस्तकात मनुष्याचा संकल्प म्हणजे ओझ्याचे जनावर; त्यावर ईश्वर स्वार होतो किंवा सैतान, आणि स्वार निवडणे जनावराच्या हाती नसते. रामानुजपरंपरेतील मर्कटकिशोरन्याय आणि मार्जारकिशोरन्याय ज्याने ऐकले आहेत, म्हणजे आईला बिलगणारे वानराचे पिलू आणि आईने तोंडात धरून नेलेले मांजराचे पिलू ज्याच्या परिचयाचे आहे, त्या वाचकाला हा कलह परका वाटण्याचे कारण नाही.

मी स्वतः इरॅस्मसच्या बाजूचा. परंतु सोडायच्या सवयींची यादी दर वर्षी नव्याने करणारा मनुष्य ल्यूथरचे पुस्तक वाचू लागला, की आपलीच जबानी कोणी लिहून घेतली आहे असे त्याला वाटू लागते, आणि येथे माझ्या संशयाला स्वतःचाच संशय घ्यावा लागतो. आपल्या ग्रंथांपैकी हा आणि प्रश्नोत्तरी एवढेच खरे आपले, असे ल्यूथरने १५३७ साली एका पत्रात लिहून ठेवले. तो निवाडा मला मान्य आहे.

काल्व्हिनच्या मुख्य ग्रंथात १५३६ साली सहा प्रकरणे होती, १५५९ साली ऐंशी झाली. त्याची रेखीव रचना आदरणीय खरी, परंतु १५५३ साली जिनीव्हात पाखंडी म्हणून जिवंत जाळलेला सर्व्हेटस वाचताना डोळ्यांपुढून हलत नाही. त्या कृत्याचा दुसऱ्याच वर्षी टोपणनावाने निषेध करणाऱ्या कास्टेलिओचे पुस्तक शेजारी ठेवल्यावाचून काल्व्हिन वाचूच नये. १६१८-१९ ची डॉर्टची परिषद आणि पुढील शतकातील वर्गीकरणे अभ्यासकांच्या दफ्तरी राहू द्यावीत. श्लायरमाखरने १७९९ साली धर्माचा तिरस्कार करणाऱ्या सुशिक्षितांसच संबोधून व्याख्याने लिहिली, ती आमच्यासारख्यांसाठीच. मात्र त्याने धर्म अंतःकरणातील भावनेत इतका सुखरूप नेऊन ठेवला, की १९१९ साली रोमकरांस पत्रावर भाष्य लिहिणाऱ्या बार्थला ईश्वराचे परकेपण पुन्हा मोठ्याने सांगावे लागले.

आता या ग्रंथांतील सुटी वाक्ये व्याख्यानांतून फिरतात. वाद मात्र दोन्ही बाजूंनी वाचला जात नाही. माझ्या विद्यार्थिदशेतील एका ग्रंथालयात ल्यूथरच्या प्रतीला डकवलेली देवघेवीची चिठ्ठी तारखांनी भरून गेली होती. त्याच फळीवरच्या इरॅस्मसच्या चिठ्ठीवर पहिली तारीख पडली ती माझी. पुष्कळ वर्षांनी पुन्हा तेथे गेलो, तेव्हाही तिच्याखाली दुसरी नव्हती.