आवडीचे एक वर्ष : १९५५

आवड व्यक्तीची असते. तिची कसोटी मात्र काळ घेतो. १९५५ हे वर्षच पाहा. १ एप्रिलला, रामनवमीच्या दिवशी, पुणे आकाशवाणीवरून ग. दि. माडगूळकर व सुधीर फडके यांचे ‘गीतरामायण’ सुरू झाले. दर आठवड्यास एक, अशी ५६ गीते. सत्यजित राय यांचा बंगाली चित्रपट ‘पथेर पांचाली’ त्याच वर्षीचा. तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी यांच्या ‘वैदिक संस्कृतीचा विकास’ या ग्रंथास साहित्य अकादमीचा मराठीतील पहिला पुरस्कारही तेव्हाच लाभला.

१ नोव्हेंबर १९५६ रोजी हैदराबाद राज्य विभागले गेले. मराठवाडा मुंबई राज्यात गेला, या नगरातील मराठी घरे येथेच राहिली. अशा घरांत मातृभाषा टिकते ती गीत-ग्रंथांच्या आवडीनेच. विद्यार्थिमित्रहो, आपल्या आवडींची यादी अवश्य करा. मात्र प्रत्येक नावापुढे ‘का आवडले’ हेही लिहा.