मोबाइलवरचा आहारसल्ला ताटापर्यंत कसा पोहोचेल?

गैरसमज : आहारावरचे व्हिडिओ पाहिले की भाज्या-फळे खाणे आपोआप वाढते.

वस्तुस्थिती : भाजी तब्येतीला चांगली हे बहुतेकांना ठाऊकच असते. घोडे अडते ते वेळ, पैसा आणि सवय यांपाशी. युरोपातल्या सात देशांत झालेल्या ‘फूड फॉर मी’ चाचणीत 1,600 हून अधिक लोकांना सहा महिने इंटरनेटवरूनच आहारसल्ला दिला गेला. ज्यांना स्वतःच्या रोजच्या खाण्याची नोंद पाहून सल्ला मिळाला, त्यांचा आहार सरसकट सल्ला मिळालेल्यांपेक्षा अधिक सुधारला. त्यात जनुकांच्या तपासणीची भर घालूनही जास्तीचा फायदा दिसला नाही. ऑनलाइन शिक्षण उपयोगी पडते, पण ते ज्याच्या-त्याच्या ताटाविषयी बोलले तर. भोपाळमधल्या मराठी घराला ब्रोकोली आणि ॲव्होकॅडोचे धडे देऊन काय साधणार? इथे हिवाळ्यात चाकवत, म्हणजे बथुआ, हरभऱ्याचा पाला, मेथी आणि पालक हातगाडीवर दारात येतात. शिकवणाऱ्याने तिथून सुरुवात करावी.

गैरसमज : बटाट्याची भाजी रोज होते, म्हणजे भाजी पुरेशी खाल्ली जाते.

वस्तुस्थिती : जागतिक आरोग्य संघटना दिवसाला किमान 400 ग्रॅम भाज्या-फळे खायला सांगते आणि त्यात बटाटा धरत नाही. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेची 2024 ची मार्गदर्शिका तर 400 ग्रॅम भाज्या आणि वर 100 ग्रॅम फळे सुचवते. पोह्यांतला बटाटा आणि जेवणातली दोन चमचे भाजी यांनी हे भागत नाही. वरणात पालक, थालीपिठात मेथी, जेवताना काकडी-टोमॅटोची कोशिंबीर असे केले, तर वेगळा खटाटोप न करता मोठा पल्ला गाठता येतो.

गैरसमज : महागडे फळ जास्त पौष्टिक.

वस्तुस्थिती : 100 ग्रॅम पेरूत क जीवनसत्त्व 200 मिलिग्रॅमच्या आसपास असते, सफरचंदात जेमतेम पाच. मध्य प्रदेशात हा फरक फार मोलाचा आहे. 2019-21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत राज्यातल्या 15 ते 49 वयाच्या निम्म्याहून अधिक स्त्रियांना रक्तक्षय आढळला. पालेभाज्या-डाळींतले लोह अंगी लागायला क जीवनसत्त्वाची मदत होते. जेवणासोबतचा चहा मात्र त्यात अडथळा आणतो. म्हणून वरणावर लिंबू पिळा, जेवणासोबत पेरूच्या फोडी घ्या, चहा तासाभराने प्या. गोळ्या चालू असतील तर त्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय सोडू नका.

फळाऐवजी रस चालतो, हा समजही सोडावा. गाळलेल्या रसात चोथा राहत नाही, साखर तेवढी पोटात जाते.

गैरसमज : मुलाने भाजी एकदा थुंकली, म्हणजे त्याला ती आवडतच नाही.

वस्तुस्थिती : नवी चव रुळायला आठ-दहा वेळा, कधी त्याहूनही जास्त वेळा चाखावी लागते. जबरदस्ती न करता घासभर पुन्हा पुन्हा वाढत राहणे, हेच खरे काम. ते कोणताही व्हिडिओ आईवडिलांच्या वतीने करू शकत नाही.

सोसायटीच्या किंवा महिला मंडळाच्या व्हॉट्सॲप गटावर आहारवर्ग घेणाऱ्यांना एक विनंती : पहिल्या आठवड्यात काहीच शिकवू नका. प्रत्येकीला रोजच्या ताटाचा फोटो पाठवायला सांगा आणि मग त्याच ताटात काय वाढवता येईल, तेवढेच सुचवा.